हॅमरस्मिथच्या मुली आणि उज्जयिनीचा मेघ

उज्जयिनीत वाढलेल्या माणसाला कालिदासाविषयी एक प्रकारचा वहिवाटीचा हक्क वाटू लागतो. न्यायालयात तो क्षणभरही टिकणार नाही, हे आम्ही जाणतो. कवी येथेच जन्मला असे सिद्ध करणारा एकही दस्तऐवज कोणापाशी नाही. पुरावा काय तो एवढाच की, ‘मेघदूता’तील यक्ष मेघाला वाट वाकडी करून या नगरीत जायला सांगतो, येथील प्रासादांच्या सज्जांकडे पाठ फिरवू नकोस, पौरांगनांच्या चंचल नेत्रकटाक्षांत रमला नाहीस तर फसलास, असे बजावतो, आणि महाकालाच्या सायंपूजेपर्यंत थांबून आपल्या गर्जनेने नगाऱ्याचे काम कर, अशी विनवणी करतो. एवढ्या आपुलकीने जो गावाचा पत्ता देतो तो गावचाच असला पाहिजे, हा आमचा युक्तिवाद. १९५८ पासून कार्तिकात येथे कालिदास समारोह भरत आला आहे, आणि त्याच्या मंडपात या युक्तिवादाची उलटतपासणी करण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही.

हे सांगण्याचे कारण असे की, एका इंग्रज संगीतकाराने ‘मेघदूता’वर मोठी वृंदरचना केली आहे असे कळले तेव्हा आम्ही ती ऐकायला बसलो ते परीक्षकाच्या वृत्तीने नव्हे, तर परगावी आपल्या घराण्याचे नाव निघाले की माणूस जसा कान टवकारतो त्या वृत्तीने. ऐकून झाल्यावर मन खट्टू झाले. पुढे त्याच संगीतकाराच्या, फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या, स्त्रीकंठांसाठी लिहिलेल्या लहान लहान रचना कानी आल्या. आणि ज्या गोष्टीसाठी आम्ही त्या मोठ्या रचनेकडे गेलो होतो ती या लहान रचनांत सापडली. असे का व्हावे, याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे.

गुस्ताव होल्स्ट हे नाव पाश्चात्य संगीताच्या श्रोत्यांना ‘द प्लॅनेट्स’ या १९१४ ते १९१६ या काळात लिहिलेल्या वाद्यवृंदरचनेमुळे परिचित आहे. जन्म १८७४ साली चेल्टनहॅम येथे. मृत्यू १९३४ साली लंडनमध्ये. उजव्या हाताच्या मज्जातंतूंच्या विकाराने पियानोवादक होण्याची आशा तरुणपणीच मावळली, आणि काही वर्षे ट्रॉम्बोन वाजवून त्याने पोट भरले. १९०५ साली हॅमरस्मिथ येथील सेंट पॉल्स मुलींच्या शाळेत तो संगीतशिक्षक झाला, तो मरेपर्यंत तेथेच राहिला. शतक पालटण्याच्या सुमारास संस्कृत साहित्याविषयीची पुस्तके त्याच्या हाती पडली आणि तो पार झपाटून गेला. ऋग्वेदाची जी भाषांतरे मिळत ती गाण्याच्या कामाची नव्हेत असे दिसताच हा गृहस्थ लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात मेबल बोड या पालीच्या विदुषीकडे जाऊन नागरी अक्षरे गिरवू लागला. पंडित तो कधीच झाला नाही. एका हाताशी कोश व दुसऱ्या हाताशी व्याकरण घेऊन, एकेका ऋचेशी झटापट करीत तो स्वतःपुरते भाषांतर करी. परंतु आपल्याला जे गायचे आहे ते आपण स्वतः वाचलेले असावे, हा त्याचा आग्रह आम्हांस फार मोलाचा वाटतो. आमच्याकडे संस्कृत पदे गाणाऱ्या कितीजणांनी तेवढी झटापट केलेली असते?

या वेडातून १९१२ पर्यंत बरेच काही निर्माण झाले. ‘सीता’ नावाचा एक भला मोठा संगीतनाटकाचा प्रपंच झाला. त्यातील वॅग्नरी थाटाच्या आक्रोशाची पुढे तो स्वतःच थट्टा करी. १९०८ मध्ये ‘सावित्री’ हे अर्ध्या तासाचे संगीतनाट्य झाले. ऋग्वेदातील सूक्तांवरील वृंदगीतांचे चार गट झाले. त्यांपैकी १९०९ चा दुसरा गट स्त्रीकंठ व वाद्यवृंद यांसाठी आहे. १९१० चा तिसरा गट स्त्रीकंठ व हार्प यांसाठी. १९११ मध्ये ‘टू ईस्टर्न पिक्चर्स’ या नावाने कालिदासाच्या ‘ऋतुसंहारा’वरील दोन गीते झाली, तीही स्त्रीकंठ व हार्प यांसाठीच. आणि या सगळ्यांच्या बाजूला, चार वर्षे त्याच्या मनाला घेरून राहिलेली ‘द क्लाउड मेसेंजर’, म्हणजे आमचे ‘मेघदूत’. स्त्रीपुरुषांचा भरघोस वृंद, एकल गाणारी खर्जाकडे झुकणारी स्त्री, मोठा वाद्यवृंद, आणि सुमारे पाऊण तासाचा विस्तार.

स्त्रीकंठांसाठी एवढे का लिहिले? कोणी म्हणेल, पौर्वात्य गूढतेला स्त्रियांचा आवाज शोभतो म्हणून. हे उत्तर आम्हांस मान्य नाही. खरे कारण अगदी व्यावहारिक आहे, आणि म्हणूनच अधिक प्रतिष्ठेचे आहे. होल्स्टसमोर रोज सकाळी मुली बसत. मुलींच्या शाळांसाठी म्हणून प्रकाशक जी गाणी पाठवीत ती त्याला निव्वळ पोरकट कचरा वाटे. मुलींना पोरकट समजणे म्हणजे संगीताचा अपमान, अशी त्याची धारणा होती. तो त्यांना बाख गायला लावी, सोळाव्या शतकातील अवघड वृंदरचना गायला लावी, आणि जे मिळेना ते स्वतः लिही. सेंट पॉल्सपूर्वीपासून डलिच येथील मुलींच्या शाळेत तो शिकवीत असे. तेथल्या मुलींसाठी १९०५ मध्ये त्याने टेनिसनच्या ‘द प्रिन्सेस’ या काव्यातील गीतांना चाली दिल्या. ते काव्य स्त्रियांच्या विद्यापीठाविषयीचे आहे, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा. त्यांतील एका गीतात मुलींचा एक लहान गट दूर उभा राहून मुख्य वृंदाला प्रतिध्वनी देतो. पुढे त्याच्या संगीतात पुन्हा पुन्हा भेटणारा तो दूरस्थ, अदृश्य स्त्रीवृंद आपल्याला येथे प्रथम भेटतो.

आता ‘मेघदूता’कडे वळू. ४ मार्च १९१३ रोजी लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये ही रचना होल्स्टने स्वतः संचालन करून सादर केली. बाल्फर गार्डिनर या मित्राच्या उदारपणामुळे हे शक्य झाले होते. प्रयोग फसला. होल्स्टला तो घाव इतका लागला की मित्रांनी त्याला मायोर्का बेटावर हवापालटासाठी नेले. पुढे सुमारे पाऊणशे वर्षांनी रिचर्ड हिकॉक्स याने या रचनेचे ध्वनिमुद्रण केले, तेव्हा कुठे ती जगाला धडपणे ऐकता आली. काही जाणकारांनी त्या वेळी म्हटले, एका उपेक्षित महाकृतीला न्याय मिळाला. आम्हांस तसे म्हणता येत नाही, आणि हे आम्ही उज्जयिनीत बसून लिहीत आहो, तेव्हा आमच्यावर पक्षपाताचा आरोप झालाच तर तो उलट दिशेचा व्हावा.

त्या रचनेत सुंदर जागा नाहीत असे नाही. देवळातील नृत्याच्या प्रसंगाला चढत जाणारा ठेका आहे; हिमालयाच्या शुभ्र एकांतात आवाज खाली उतरतात तेथे अंगावर रोमांच उभा राहतो. पण एकंदरीत हा मेघ फार घाईत आहे. एक दृश्य संपते न संपते तोच ढोलताशे वाजवीत दुसरे येते. कालिदासाच्या मेघाचे सारे वैभव त्याच्या रेंगाळण्यात आहे. ज्याला निरोप पोचवायची घाई असावी तोच यक्ष त्याला थांब म्हणतो, अमुक नदीचे पाणी पी म्हणतो, रात्री कबुतरे निजतात त्या सज्जावर विसावा घे म्हणतो. विरहाची ही मोठी सूक्ष्म खूण आहे: प्रियेकडे जाणारी वाट संपू नये असे वाटणे. चिंतामणराव देशमुख, कुसुमाग्रज, शान्ताबाई शेळके अशा नाना स्वभावांच्या माणसांना मराठीत ‘मेघदूत’ आणावेसे वाटले ते कथानकासाठी खास नव्हे. कथानक असे त्यात आहेच काय? त्यांना त्या मंद चालीने भुरळ घातली. होल्स्टच्या हाती शंभर माणसांचा वृंद आणि त्यावर कडी करणारी पितळी वाद्ये होती. एवढा लवाजमा घेऊन रेंगाळणे कठीण असते. मिरवणूक थांबली की गर्दी होते.

‘ऋतुसंहार’ हे त्या मानाने कवीचे लहान काव्य. मल्लिनाथाने त्यावर टीका लिहिली नाही. ते कालिदासाचे नव्हेच असेही काही पंडित म्हणतात. गंमत अशी की, संस्कृतातला मुद्रित झालेला पहिला ग्रंथ होण्याचा मान १७९२ साली कलकत्त्यात याच काव्याला मिळाला. सहा ऋतूंपैकी होल्स्टने दोन निवडले, वसंत आणि ग्रीष्म. दोन्ही गीते मिळून काही मिनिटांचीच. वसंत हा योद्धा आहे; भुंग्यांची रांग ही त्याच्या धनुष्याची दोरी. मूळ काव्यात आंब्याच्या मोहोराचे बाण आहेत. होल्स्टच्या इंग्रजीत त्यांच्या नुसत्या कोवळ्या कळ्या झाल्या, कारण हॅमरस्मिथच्या मुलींनी मोहोर हुंगलेला नसणार. आंबा गेला याचे आम्हांस दुःख झाले, पण क्षणभरच. कारण शब्दांत गेलेला मोहोर स्वरांत दुसऱ्या रूपाने परत आलेला आहे. मुलींचे आवाज तीन वाटांनी निघतात, एकमेकांना हलकेच ओलांडतात, आणि हार्पचे तुटक स्वर त्यांच्यामधून असे पडतात की शब्द न कळताही ऋतू कळावा.

आणि ग्रीष्म! इंग्लंडातला उन्हाळा म्हणजे सुखाचा काळ. तेथला कवी उन्हाळ्याला बोलावतो, आमचा त्याला घालवतो. होल्स्ट येथे चुकेल अशी आमची अटकळ होती. तो चुकला नाही. त्याने मृगजळ, होरपळलेली अरण्ये, मोराच्या पिसाऱ्याच्या सावलीत निजलेला साप हे सारे बाजूला ठेवले आणि सर्गाच्या आरंभीचा एकच क्षण उचलला: दाहक दिवस सरला आहे, चांदणे आहे, माळा आहेत, कोठेतरी वीणा आणि गाणे चालले आहे. बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र, ही म्हण आमच्याकडे पोरासोरांच्या तोंडी असते. ती म्हण होल्स्टच्या कानावर कधी गेली असेल असे वाटत नाही. पण वैशाखातल्या दिवशी फ्रीगंजातली टॉवर चौकाची फरसबंदी पाय भाजून काढते आणि रात्री नऊनंतर त्याच चौकात वारा सुटतो, तेव्हा जे होते ते या गीतात आहे. समुद्रापार, धुक्यात राहणाऱ्या माणसाला माळव्याची रात्र एका दुय्यम काव्यातून बरोबर सापडली, आणि थोर काव्यातून त्याला उज्जयिनी सापडली नाही.

याचे श्रेय आम्ही निम्मे त्या मुलींना देतो. स्त्रीकंठांच्या वृंदात खाली आधार नसतो. पुरुषांचा खर्ज पायाखाली नाही, वाद्यवृंदाची जमीन नाही. आहेत ते वरचे तीनचार आवाज आणि हार्पच्या तारा. आमचा कान तंबोऱ्यावर पोसलेला. तो आधी षड्ज शोधतो आणि मग निर्धास्त होतो. या गीतांत षड्ज सापडल्यासारखा होतो आणि निसटतो. प्रथम ऐकताना आम्हांस पायरी चुकल्यासारखे झाले. तिसऱ्यांदा ऐकताना लक्षात आले की मेघ असाच असतो. ज्या मेघासाठी होल्स्टने पितळी वाद्ये आणली तो त्याला मुलींच्या शाळेतच भेटला होता. साधन तोकडे असले की कलावंताला नेमके काय म्हणायचे आहे ते ठरवावे लागते; होल्स्टसारख्या संकोची प्रकृतीच्या माणसाला ही सक्ती मानवली.

ऋग्वेदाच्या तिसऱ्या गटातील चार गीतांविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. पहिले उषेचे, शब्दांवरून ते तिसऱ्या मंडलातील ६१ व्या सूक्तावर आधारलेले दिसते, जेथे उषेला पुरातन असूनही तरुण म्हटले आहे. दुसरे जलांचे, सातव्या मंडलातील वसिष्ठांच्या सूक्तावरचे. तिसरे वेनाचे, वेन म्हणजे धुक्यातून वर येणारा सूर्य असा अर्थ होल्स्टने घेतला आहे. चौथे प्रवाशांचे, पूषन् देवाला वाट दाखवण्याची विनंती करणारे. या गीतांत भारतीय रागांचे अनुकरण नाही, आणि नाही तेच बरे. ‘पौर्वात्य’ रंगाच्या नावाखाली झांजा वाजवून नागमोडी सूर काढण्याची तेव्हा युरोपात साथच होती. होल्स्ट तिच्यापासून दूर राहिला. त्याने घेतले ते दुसरेच. संस्कृत शब्दांशी झटापट करताना इंग्रजी पद्याची ठराविक चाल त्याच्या हातून सुटली, आणि पाच मात्रा, सात मात्रा अशी विषम मोजणी त्याच्या संगीतात सहजपणे येऊ लागली. इंग्रज समीक्षकांनी तिचे मोठे कौतुक केले आहे. झपताल आणि रूपक यांवर वाढलेल्या आम्हां लोकांना तिचे नवल वाटत नाही. आम्हांस नवल वाटते ते तीन मुली एकाच वेळी तीन निराळे स्वर गातात आणि भांडण होत नाही याचे. तिकडच्यांना जे नवे ते आमचे जुने, आणि तिकडच्यांना जे नेहमीचे ते आम्हांस अपूर्व. अशा रचनांविषयी दोन्हीकडच्या माणसांनी लिहिले पाहिजे, ते यासाठी.

हा तिसरा गट होल्स्टने ब्लॅकबर्न येथील फ्रँक डकवर्थ याच्या स्त्रीवृंदाला अर्पण केला, आणि १९११ साली त्या गावी तो प्रथम गायिला गेला. ब्लॅकबर्न हे लँकेशायरमधील गिरण्यांचे गाव. हिंदुस्थानच्या बाजारात येणारी धोतरे ज्या मागांवर निघत त्यांतले बरेचसे त्या गावचे. आणि स्वदेशीच्या चळवळीत आपल्याकडे त्या कापडाच्या होळ्या पेटून तेव्हा पाचसहा वर्षेच झाली होती. त्या गावच्या बायका उभ्या राहून उषेला आळवीत होत्या, वरुणाच्या नियमांनी चालणाऱ्या विश्वात वाट मागत होत्या. त्याच साली त्याच वेळी आमच्या या वेदविद्येच्या नगरीत, क्षिप्रेच्या घाटावर, एखाद्या स्त्रीने त्याच सूक्तातील एक ऋचा मोठ्याने म्हटली असती तर काय झाले असते, याची कल्पना वाचकांनी करावी.

येथे आमचे एक दशग्रंथी स्नेही हरकत घेतात. ते म्हणतात, ऋचेचा अर्थ म्हणजे ऋचा नव्हे. उदात्त, अनुदात्त, स्वरित यांसह जो शब्द तोच मंत्र; त्याचे इंग्रजी हे नुसते इंग्रजी. हरकत ग्राह्य आहे. परंपरेने निषेध केला तो शब्दाच्या उच्चाराचा, अर्थाचा नव्हे. म्हणजे ब्लॅकबर्नच्या बायका तांत्रिक मुद्द्यावर निर्दोष सुटतात! पण स्नेह्यांच्या ध्यानात एक गोष्ट येत नाही. लोपामुद्रा, अपाला, घोषा, आम्भृणी वाक् या स्त्रियांची सूक्ते ज्या संहितेत आहेत तीच संहिता स्त्रियांना बंद झाली, आणि बंद करणारांनी त्या सूक्तांचे स्वर मात्र प्राणपणाने जपले. शब्द राहिला, आणि ज्या कंठातून तो प्रथम निघाला त्या कंठाला तो पारखा झाला. होल्स्टने नेमके उलट केले. त्याच्या हाती शब्द शिल्लक राहिला नाही. आवाज मात्र राहिला. कोणते नुकसान मोठे, हे ठरवायला आम्ही धजत नाही. पुण्यात १९७० नंतरच्या काळात स्त्रियांना पौरोहित्य शिकवू लागले आणि आता सूक्ते म्हणणाऱ्या स्त्रिया पाहून कोणी रस्त्यात थांबत नाही, तेव्हा हा वाद जुना झाला असे म्हणता येईल. तरी त्या स्त्रिया जे म्हणतात ते एकसुरी पठण असते. उषेला उद्देशून स्त्रियांनी अनेक सुरांत एकत्र गावे ही कल्पना आमच्या मनात अद्याप उतरलेली नाही.

‘सावित्री’विषयी एकच मुद्दा मांडतो, नाहीतर लेखाचा तोल जाईल. तीन पात्रे, मूठभर वाद्ये, आणि पडद्याआड अदृश्य वृंद. हा वृंद प्रथम स्त्रीपुरुषांचा मिश्र होता. ५ डिसेंबर १९१६ च्या पहिल्या प्रयोगापूर्वी तो नुसत्या स्त्रियांचा झाला. त्यांना शब्द नाहीत. ‘सूर्य’ या अर्थाच्या इंग्रजी ‘सन’ शब्दातला जो स्वर, त्याच्यावरच त्यांनी सतत गायचे अशी होल्स्टची सूचना आहे. इंग्रज गायिका सांगतात की तो मोठा अडचणीचा स्वर, धड उघडा नाही धड मिटलेला नाही. आम्हांस तो ओळखीचा आहे. तो आमचा ‘अ’, वर्णमालेचा आरंभ. कथेत मात्र होल्स्टने मोठा फेरफार केला. वनपर्वातील सावित्री यमाकडून शंभर पुत्र मागून घेते आणि त्या वराच्या पेचात यमाला पकडते. मुद्दा कायदेशीर आहे आणि वकिलाला आवडावा असाच आहे. होल्स्टची सावित्री पुत्र मागत नाही. ती जीवन मागते, स्वतःसाठी, भरभरून. आणि ते मिळाल्यावर सांगते की सत्यवानावाचून ते जीवनच नव्हे. वडाला दोरा गुंडाळणाऱ्या आमच्या माताभगिनींना ही सावित्री परकी वाटेल काय? आम्हांस तसे वाटत नाही. परंतु शंभर पुत्रांची सावित्री आम्ही इतकी पाठ केली आहे की ही दुसरी ऐकू यायला पडद्याआडचा तो ‘अ’ लागतो.

होल्स्टच्या या कृतींविषयी सर्वांत कठोर न्यायाधीश त्याच्या घरातच होता. त्याची कन्या इमोजेन हिने वडिलांचे चरित्र १९३८ साली लिहिले आणि १९५१ साली त्यांच्या संगीताचे परीक्षण प्रसिद्ध केले. त्यात पितृभक्तीने डोळे झाकलेले दिसत नाहीत. १९५० च्या अखेरीस ती शांतिनिकेतनात येऊन भारतीय संगीत शिकून गेली. बापाने जो देश कधी पाहिला नाही तेथे मुलगी वहीपेन्सिल घेऊन बसली, हे चित्र आम्हांस फार आवडते. १९६० नंतरच्या दशकात तिने ‘सावित्री’ आणि वेदगीतांचा तिसरा गट यांचे ध्वनिमुद्रण केले. जॅनेट बेकरची सावित्री आणि ओसियन एलिसचा हार्प त्यात आहे. वाचकाने कोठून आरंभ करावा असे विचारले तर आम्ही तेथूनच म्हणू.

ते ध्वनिमुद्रण गेल्या चैत्रात फ्रीगंजातल्या आमच्या घरी आठदहा मंडळींनी मिळून ऐकले. श्रोत्यांत वर सांगितलेले दशग्रंथी होते; शेजारच्या भजनी मंडळातील एक वृद्ध काकू होत्या; आणि एका मित्राच्या पत्नी, मूळच्या मडगावच्या, होत्या. जलांचे गीत संपल्यावर काकू म्हणाल्या, “छान आहे हो, पण एकजण मागे राहते आहे.” त्यांच्या कानाला दुसरा आवाज हा चुकलेला आवाज वाटला होता. यात त्यांचा दोष नाही. आमच्या बायका एकत्र गातात त्या ओवी असो, भोंडला असो, मंगळागौर असो, एकाच सुरात गातात. वेगळेपण असते ते पाळीपाळीने गाण्यात. गोव्यातील धालोतही पौषात मांडावर समोरासमोर दोन रांगा उभ्या राहून एकमेकींना उत्तरे देतात. होल्स्टच्या दोन गटांतल्या सवालजबाबाशी त्याचे जवळचे नाते आहे, पण तेथेही सूर एकच.

मडगावच्या बाईंनी मात्र ते गीत पुन्हा लावायला सांगितले, आणि दुसऱ्या खेपेस त्या डोळे मिटून ‘मागे राहिलेल्या’ आवाजाबरोबर हळूच गाऊ लागल्या. आम्ही पाहतच राहिलो. संपल्यावर त्या संकोचून म्हणाल्या, “हो आल्तो. ल्हानपणीं इगर्जेंत हांवें गायिल्लो.” सासष्टीत गावोगावच्या चर्चच्या शाळांत मेस्त मुलांना स्वरलेखन वाचायला शिकवीत, मांडो दोन आवाजांत गायिला जाई, आणि १९५२ साली पणजीत आकादेमिया द मूझिका निघाली ती याच जमिनीवर, हे आम्ही पुस्तकांतून वाचले होते. पण वेदातील जलदेवता इंग्रजीत, गोव्याच्या ख्रिस्ती देवळात घडलेल्या गळ्यातून, महाकालाच्या गावी, आपल्या बैठकीत ऐकायला मिळेल हे कोणाच्या ध्यानीमनी असणार? आणि महाकालाचे आजचे मंदिर तरी कोणी उभारले? राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर, म्हणजे शेणवीच. कोकणी माणसाने येथे घर केल्याला तीनशे वर्षे होत आली. आमच्या दशग्रंथी स्नेह्यांना हे ऐकवल्यावर त्यांनी फक्त पान मागितले.

या गीतांत उणिवा नाहीत असे आमचे म्हणणे नाही. होल्स्टचे इंग्रजी पुष्कळदा चर्चच्या प्रार्थनेच्या वळणावर जाते. देवांची नावे बदलली तर काही कडवी कोणत्याही रविवारी खपून जातील. दुसऱ्या गटातील अग्नीचे गीत आम्हांस जोरकस वाटले, पण जोर कशासाठी ते कळले नाही. वरुणाच्या गीतातील पश्चात्तापाचा सूर मात्र खरा आहे. सातव्या मंडलातील वसिष्ठ ज्याने वाचला आहे त्याला तो पटेल. आणि १९१२ नंतर होल्स्टने हा प्रांत जवळजवळ सोडूनच दिला. ग्रहांकडे गेला, मग इंग्रज लोकगीतांकडे, मग रॉबर्ट ब्रिजेसच्या कवितांकडे. हे बरेच झाले. पण जाताना त्याने येथले एक सामान बरोबर नेले. ‘द प्लॅनेट्स’च्या शेवटी, नेपच्यूनच्या भागात, शेजारच्या खोलीत लपलेला स्त्रीवृंद शब्दांवाचून गात राहतो आणि दार हळूहळू लोटून तो विरवला जातो. जगभर लाखो लोक तो आवाज ऐकतात. तो ‘सावित्री’च्या पडद्याआडून निघाला आहे हे थोड्यांना ठाऊक असते.

कालिदास समारोहात ‘मेघदूता’वरची नृत्ये होतात, नाटके होतात, चित्रांचे प्रदर्शन भरते. ‘ऋतुसंहारा’वरील ही दोन गीते तेथे गायिली गेल्याचे आमच्या ऐकिवात नाही. हार्प कोठून आणायचा, असे विचारले जाईल. वेदगीतांच्या तिसऱ्या गटाबाबत होल्स्टने स्वतःच हार्प नसेल तेथे पियानोला परवानगी दिली आहे, आणि तोच न्याय येथे लावायला हरकत नसावी. तो माणूस शाळामास्तर होता, अडचणी जाणत होता. पेटीवर मात्र हे होणार नाही. आम्ही करून पाहिले.

भजनी मंडळातील काकू परवा येऊन गेल्या. जलांच्या गीतातील ‘मागे राहणाऱ्या’ बाईचे शब्द देवनागरीत लिहून मिळतील काय, असे त्यांनी विचारले. मडगावच्या बाईंनी ते लिहायला घेतले आहेत. स्वर वर सा-रे-ग-म मध्ये लिहायचे की दो-रे-मी मध्ये, यावर तूर्त दोघींचे एकमत झालेले नाही.